स्वयंपाकघर : आमच्या वसतिगृहाची दुसरी शाळा

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानी आली. वर्गातले धडे, परीक्षेतले गुण, स्नेहसंमेलनातली नाटके यांच्या आठवणी निघतात. पण बोलणे थोडे पुढे सरकले की जो तो स्वयंपाकघराकडे वळतो. कोणाला पावसाळ्यातली आंबाडीची भाजी आठवते, कोणाला थंडीतले धपाटे, तर कोणी हसत हसत जुनी तक्रार पुन्हा मांडतो की पिठले आठवड्यातून फार वेळा असे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेली ही माणसे मोठ्या पदांवर आहेत, शहरांत स्थिरावली आहेत, तरी शाळेत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न असतो, "आज जेवायला काय आहे?"

या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमच्या मराठवाड्यातल्या या वसतिगृहात मुलांसाठी रोज काय शिजते, ते तसेच का शिजते, त्यामागे कोणते शास्त्र आणि कोणता विचार आहे, हे पालकांना व समाजबांधवांना ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते. कारण परिसरात पिकलेले धान्य, त्या त्या ऋतूतली भाजी आणि स्वतःच्या हाताने केलेला स्वयंपाक ही काटकसर आहेच, पण तिला केवळ काटकसर मानणे अपुरे ठरेल. आमच्या समाजाच्या बाबतीत ती स्वाभिमानाचीही बाब आहे.

अन्न आणि मान

आमच्या आजी-पणजीच्या पिढीसाठी अन्न हे केवळ पोट भरण्याचे साधन नव्हते. गावाने आपल्याला कोठे उभे केले आहे, हे दाखवणारी ती रोजची खूण होती. गावकीची कामे करायची आणि बदल्यात दारोदार भाकरतुकडा मागायचा, शिळे-उष्टे पदरात घ्यायचे, मेलेल्या जनावरावर गुजराण करायची, ही रीत पिढ्यान्पिढ्या लादली गेली होती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्याच्या हक्काबरोबरच मृत जनावरांचे मांस व उष्टे अन्न सोडण्याचा आग्रह धरला, हे आपण सर्व जाणतो. ते आवाहन आहारापुरते नव्हते. दुसऱ्याच्या दयेवर मिळालेला घास नाकारून स्वतःच्या कष्टाचा घास खावा, मग तो कोरडा का असेना, असा त्याचा अर्थ होता.

त्या कोरड्या घासाचा इतिहास आपण पुरेसा लिहून ठेवला नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यपरंपरेची नोंद केली, तेव्हा अनेक वाचकांना आपल्याच घरातली चूल प्रथमच छापील पानावर दिसली. ज्वारीच्या कण्या, हुलग्याचे माडगे, रानातल्या पालेभाज्या, लसूण-मिरचीचा ठेचा हे सारे आपल्या घरांत होते. परंतु पाहुणा आला की ते झाकून ठेवले जाई. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी कामावर सुकडी व मिलो नावाची परदेशातून आलेली तांबडी ज्वारी खाऊन दिवस काढले, त्यांच्या मनात तर भाकरी आणि टंचाई यांची कायमची गाठ बसली. पुढे रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि ऊस आला, आणि पोळी म्हणजे सुधारणा व भाकरी म्हणजे मागासपणा असा हिशेब आपल्याच घरांत रूढ झाला.

याचा अनुभव आम्हांला शाळेतही आला. एका भेटीच्या रविवारी पाचवीतल्या एका मुलाची आई फडक्यात बांधून भाकरी आणि लसणाची चटणी घेऊन आली होती. शेजारी इतर पालक दुकानातून आणलेले खोके उघडत होते. मुलाने आईला हळूच सांगितले, "आई, ते पिशवीतच राहू दे." ती काही बोलली नाही, तिने गाठोडे पुन्हा पिशवीत ठेवले. आमच्यापैकी ज्यांनी हे पाहिले, त्यांना त्या रात्री नीट झोप लागली नाही. पुस्तकातून समतेचा धडा शिकवणाऱ्या शाळेत एका मुलाला आपल्या आईच्या हातच्या भाकरीची लाज वाटत असेल, तर आपल्या शिकवण्यात काहीतरी उणे राहिले आहे, एवढे आम्हांला कळले. स्वयंपाकघराकडे शिक्षणाचा भाग म्हणून पाहण्याची सुरुवात तेथून झाली.

भाकरीचे शास्त्र

आता विद्यार्थ्यांना आम्ही भाकरीपासूनच शिकवायला प्रारंभ करतो. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते. त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही आणि पोळी लाटता येते. ज्वारीत ते नसते. म्हणून ज्वारीच्या पिठात कढत पाणी घालावे लागते. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि तोच पिठाला धरून ठेवतो. पीठ ताजे असेल तर त्याला विरी असते. जुने झाले की विरी जाते, भाकरीला चिरा पडतात आणि चवीला कडवटपणा येतो. यासाठी आम्ही आठ-दहा दिवसांना पुरेल एवढीच ज्वारी दळून आणतो.

एका वेळी एका भाकरीपुरतेच पीठ तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, परातीत कोरडे पीठ भुरभुरून ते थापायचे, पिठाची बाजू वर ठेवून भाकरी तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते सुकण्याच्या आत ती उलटायची. पाणी सुकून गेले तर पृष्ठभाग तडकतो, मग ती फुगत नाही. दुसरी बाजू शेकून झाल्यावर थेट आचेवर धरली की आतली वाफ पापुद्रा उचलते. विज्ञानाच्या तासाला वाफेचा दाब शिकवताना आमचे शिक्षक आता याच उदाहरणापासून सुरुवात करतात; कारण ते मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते.

पोषणाच्या दृष्टीनेही ज्वारी दुय्यम नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय लोह व भरपूर तंतू असतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा जे धान्य आपण गरिबाचे म्हणून बाजूला सारत होतो त्याला शहरांतल्या मोठ्या दुकानांत सुबक वेष्टनात स्थान मिळाले. आम्हांला त्याचा आनंद आहे. मात्र आपल्या धान्याची किंमत कळण्यासाठी त्या वेष्टनाची वाट पाहावी लागू नये.

डाळ, मोड आणि लिंबाची फोड

भाकरीबरोबर डाळ का, याचेही कारण आहे. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो. डाळी-कडधान्यांत तो पुरेसा असतो. उलट डाळींत जो घटक कमी, तो धान्यातून मिळतो. म्हणून भाकरी आणि पिठले, भाकरी आणि मटकीची उसळ, खिचडी, वरणभात या जोड्या आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जमवल्या आणि आहारशास्त्राने त्या पुढे योग्य ठरवल्या. ज्या माजी विद्यार्थ्यांची पिठल्याविषयी तक्रार आहे, त्यांनी आता तरी ती मागे घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

मटकी, मूग, हुलगे यांना मोड आणल्याने त्यांतील क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शरीरात शोषले जाण्यातील अडथळा कमी होतो. पालेभाजीतले व धान्यातले लोह सहजासहजी शोषले जात नाही. सोबत लिंबू, कैरी, आवळा असे काही आंबट असले तर ते अधिक प्रमाणात अंगी लागते. जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा घेतला तर मात्र शोषण घटते. वाढत्या वयातील मुलींच्या बाबतीत ही माहिती विशेष मोलाची आहे. त्यामुळे आमच्याकडे ताटात लिंबाची फोड असते आणि जेवणानंतर चहा नसतो. याला पैसा फार लागत नाही, माहिती लागते.

ऋतूप्रमाणे ताट

आमच्या परिसरातला प्रत्येक ऋतू आपली शिदोरी घेऊन येतो. पहिल्या पावसानंतर बांधावर तरोटा, कुर्डू, घोळ, चिवळ, पाथरी उगवतात. त्यांची कोवळी पाने मूग किंवा तुरीच्या डाळीत घालून घोटली की उत्तम गरगटा होतो. आंबाडीची पाने उकडून, पिळून, त्यांत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवतात आणि वरून लसणाची फोडणी देतात. श्रावण-भाद्रपदात दोडका, भोपळा, गवार येते. थंडीत तर ताट हिरवे होते. मेथी, शेपू, चाकवत, करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला यांची रेलचेल असते. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला फांद्या अधिक फुटतात. म्हणजे भाजीही मिळते आणि पिकालाही लाभ होतो. याच दिवसांत तीळ, जवस आणि कारळाच्या चटण्या होतात. ज्वारी हुरड्यात आली की एक दिवस शेतावर जाण्याचा असतो. सर्दी-पडशाच्या दिवसांत हुलग्याच्या पिठाचे गूळ-सुंठ घातलेले माडगे मुलांना आवडते.

कसोटी असते ती उन्हाळ्याची. तेव्हा विहिरी आटतात आणि भाजी महागते. यासाठी थंडीतच हरभऱ्याचा पाला वाळवून, चुरून भरून ठेवतात. उन्ह चढले की डाळीचे सांडगे घालतात. शेवग्याच्या शेंगा, कैरी, चिंच आणि ही वाळवणे यांवर मार्च-एप्रिल निभावतो. 'आज भाजी नाही' असे आमच्या स्वयंपाकघराला सहसा म्हणावे लागत नाही, ते या तयारीमुळे.

रानभाज्यांविषयी एक खबरदारी सांगणे आवश्यक आहे. जाणत्या माणसाने ओळखलेलीच भाजी आम्ही घेतो. मुलांनी स्वतःहून आणलेला पाला तपासल्याशिवाय शिजवला जात नाही. सांडपाण्याच्या कडेची किंवा तणनाशक फवारलेल्या शेतातली भाजी पूर्णपणे वर्ज्य आहे. तणनाशकांचा वापर वाढल्यापासून निर्धोक रानभाजी मिळणे कठीण झाले आहे, म्हणून शाळेच्या आवारातच आंबाडी, घोळ, शेवगा आणि कढीपत्ता लावला आहे. भांडी घासण्याचे पाणी त्या वाफ्यांना देत नाही. स्वच्छ पाणीच देतो.

दीडशेच्या घरातला हिशेब

घरच्या चुलीवर जे सोपे असते ते मोठ्या संख्येत तसे राहत नाही. शालेय पोषण आहाराचे सरकारी प्रमाण पाहिले तर उच्च प्राथमिक वर्गातील एका मुलाला एका जेवणात १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी धरली आहे. आमच्याकडे १६० मुले आहेत. म्हणजे एका वेळेला ४ किलो ८०० ग्रॅम डाळ आणि १२ किलो भाजी लागते; ती निवडायची, धुवायची, चिरायची असते. एका किलो पिठाच्या साधारण दहा भाकरी होतात. प्रत्येकी दोन धरल्या तरी ३२० भाकरी आणि ३२ किलो पीठ झाले. एका तव्यावर एका भाकरीला दोन-अडीच मिनिटे लागतात. चार तवे लावले तरी सुमारे तीन तास जातात.

हा हिशेब मांडण्याचे कारण असे की साध्या जेवणाची स्तुती करणारे पुष्कळदा ते शिजवणाऱ्या हातांना विसरतात. सकाळी चारला उठून चुलीपुढे बसणाऱ्या मावशींच्या पाठीला त्या ३२० भाकऱ्यांचा भार जाणवतो. म्हणून भाकरी आम्ही एकाच वेळेला आणि आठवड्यातून चार दिवस ठेवली आहे. इतर वेळी भात, खिचडी, कण्या असतात. आठवीपासूनची मुले-मुली आळीपाळीने भाजी निवडणे, कडधान्य भिजवणे, वाढणे ही कामे करतात. अभ्यासाच्या वेळेत कोणालाही बोलावले जात नाही. आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. पहिल्या आठवड्यात काही मुलगे कुरकुर करतात, "हे काम बायकांचे आहे." त्यांना आम्ही व्याख्यान देत नाही, परात पुढे करतो. ज्याने एक भाकरी थापून पाहिली, तो सुट्टीत घरी गेल्यावर आईला पाण्याचा तांब्या मागताना दोनदा विचार करतो, असे पालकच आम्हांला सांगतात.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. एक अनुभवी मावशी निवृत्त झाल्या आणि सोय म्हणून आम्ही सकाळच्या न्याहारीला बिस्किटे व झटपट नूडल्सची पाकिटे सुरू केली. पहिला आठवडा मुले आनंदात होती. पुढे तिसऱ्या तासालाच पोटात कावळे ओरडू लागल्याच्या तक्रारी आल्या. शिक्षकांना वर्गात पेंगणारी मुले दिसू लागली. स्वयंपाकघरामागे रिकाम्या पाकिटांचा ढीग साचला. महिनाअखेरीस हिशेब मांडला तर खर्चही वाढलेला निघाला. मैदा आणि साखर यांनी भूक पटकन भागते आणि तितक्याच पटकन परत येते, हे आम्ही मुलांना शिकवत होतो; पण स्वतः विसरलो होतो.

तीन महिन्यांनी आम्ही मागे फिरलो. आता न्याहारीला कण्या, उसळ, धपाटे, रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा फोडणीचा कुस्करा, उकडलेले अंडे किंवा शेंगदाणे-गूळ असा क्रम असतो. उरलेली भाकरी स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवून सकाळीच वापरायची, भात व डाळ मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही, पाणी उकळून गाळूनच प्यायचे, हे नियम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहिलेले आहेत. बिस्कीट आम्ही निषिद्ध मानत नाही. सहलीला, प्रवासात ते उपयोगी पडते. पण सोयीची वस्तू रोजची झाली की हातातली विद्या जाते, एवढा धडा आम्ही घेतला.

धम्मातील भोजनविचार

पाली वाङ्मयात भोजनातील मात्रा जाणण्याला मोठे महत्त्व दिले आहे. संयुक्त निकायात कोसलराजा प्रसेनजिताची हकीकत येते. भरमसाट जेवून धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी मात्रेचे महत्त्व सांगितले आणि राजाने आहार क्रमाक्रमाने कमी केला. दुसरी कथा धम्मपदाच्या अट्ठकथेतील आळवीच्या गरीब शेतकऱ्याची आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला तो मनुष्य उपदेश ऐकण्यास उशिरा आला. भगवंत त्याच्यासाठी थांबले होते. त्यांनी आधी त्याला जेवू घातले आणि त्याची भूक शमल्यावरच उपदेशाला आरंभ केला. भुकेल्या माणसाला धम्म कळणार नाही, हे त्यांनी जाणले होते.

या दोन कथा आमच्या स्वयंपाकघराच्या दोन बाजू आहेत. कोणी उपाशी राहू नये आणि कोणी टाकू नये. सारे एका रांगेत उभे राहतात, शिक्षकही त्याच रांगेत असतात, एकाच पातेल्यातून वाढून घेतात आणि आपापले ताट स्वतः धुतात. ज्या समाजाच्या पूर्वजांना पंगतीपासून दूर बसवले गेले, त्याच्या मुलांनी अशा रांगेत रोज उभे राहणे ही लहान गोष्ट नाही.

शेवटी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना काही विनंत्या. पालकांनी भेटीच्या दिवशी खोक्यांऐवजी घरचे काही आणावे. शेंगदाण्याचा लाडू, कारळाची चटणी, आजीने वाळवलेले सांडगे, काहीही चालेल. सुट्टीत मुलांकडून घरी एक वेळचा स्वयंपाक करवून घ्यावा आणि आजीला माहीत असलेल्या भाज्यांची नावे त्यांच्याकडून वहीत लिहवून घ्यावीत. त्या वह्या आम्ही शाळेत जमा करत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी एक दिवसाच्या मिष्टान्नाऐवजी पोतेभर ज्वारी, डाळ किंवा तेलाचा डबा द्यावा. तो अनेक दिवस पुरतो.

पाचवीतल्या त्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली होती. पुढच्या महिन्यात आम्ही त्याच्या आईला निरोप धाडला, "ताई, मुलांना भाकरी शिकवायला याल का?" त्या आल्या. एक हात परातीवर, एक पिठात, बोलणे अगदी थोडे. पण तव्यावर एकामागून एक भाकरी फुगत गेली, तशी मुले भोवती जमली आणि "मला करू द्या" म्हणून गलका झाला. तो मुलगा बराच वेळ दाराशी उभा होता. अखेर तो आत आला, आईच्या शेजारी बसला आणि तिने पुढे सरकवलेला पिठाचा गोळा मळू लागला. त्याची पहिली भाकरी तुटली. दुसरीही तुटली. तिसरी त्याने स्वतःच्या ताटात घेतली आणि रांगेत जाऊन बसला.